दुसरी गाडी: बॉनेटच्या आधी आरसी उघडून पाहा

नाशिकमध्ये पाच जणांचे कुटुंब, घरची अर्टिगा रोज सकाळी यजमानांबरोबर सिन्नरच्या एमआयडीसीत जाते, आणि सासऱ्यांचे डायलिसिस व मुलांचे क्लास यांसाठी साडेतीन लाखांच्या आत दुसरी गाडी हवी आहे, असे तुम्ही लिहिले आहे. पर्याय तीन आहेत: ओळखीच्या गृहस्थांची २०१४ ची वॅगनआर, जिला बाहेरून सीएनजी किट बसवलेले आहे; २०१७ ची कोल्हापूर पासिंगची ग्रँड आय-टेन, जिच्या आरसीवर अजून एचपी (कर्ज देणाऱ्या संस्थेच्या बोजाची नोंद) दिसते, पण 'कर्ज केव्हाच फिटले, तेवढे काढायचे राहिले' असे मालक सांगतात; आणि एका डीलरकडची दिल्ली पासिंगची डिझेल सेडान. तुमचा प्रश्न मायलेजचा आणि देखभालीच्या खर्चाचा आहे. माझी नजर मात्र मालकांच्या त्या वाक्यावर थांबली, कारण जवळजवळ हेच शब्द मी २०१८ मध्ये पुण्यात ऐकले होते आणि त्यांनी माझी झोप उडवली होती.

मी गाड्यांचा व्यापारी नाही, वकीलही नाही. नियम बदलत असतात, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या आरटीओचा. ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेणे, इंजिन थंड असताना चालू करून पाहणे, चढावर क्लच तपासणे, अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नंबरावरून जुना इतिहास काढणे, ही कामे तुम्ही करालच, असे धरून चालतो.

आमची गाडीही वॅगनआरच होती, पत्नीच्या शाळेसाठी घेतलेली. एकच मालक, कमी रनिंग, आतून इतकी स्वच्छ की मेकॅनिकनेही फार खोड काढली नाही. कर्ज एका फायनान्स कंपनीचे होते आणि ते चार वर्षांपूर्वी फिटले होते. मालकांकडे त्या वेळची एनओसी (कंपनीचे ना-हरकत पत्र) होती, तीही प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली. आरटीओच्या खिडकीवर मात्र ती चालली नाही, कारण अशा एनओसीला मुदत असते, बहुधा तीन महिन्यांची, आणि ही कधीच शिळी झाली होती. सोबत फॉर्म ३५, म्हणजे आरसीवरचा बोजा उतरवण्याचा अर्ज, लागतो. त्यावर नोंदणीकृत मालकाची आणि फायनान्सरची, दोघांच्याही सह्या आणि शिक्का हवा असतो. म्हणजे नवी एनओसी, नवा फॉर्म. काम सरळ वाटले, आणि तिथेच त्या कंपनीच्या कार्यालयाशी गाठ पडली.

कर्ज ज्या शाखेतून घेतले होते ती शाखा बंद झाली होती. दुसऱ्या शाखेने सांगितले की जुनी खाती मुख्य कार्यालयाकडे आहेत. मुख्य कार्यालयाचा फोन शाखेकडे जायला सांगत होता. मी विचारले तर 'तुम्ही कर्जदार नाही, तुमच्याशी बोलता येणार नाही', आणि मूळ मालक तोवर बदली होऊन नागपूरला गेलेले; बिचारे सज्जन होते, पण दर वेळी रजा काढून येणार तरी किती? काउंटरवरच्या तरुणाने एकदा स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. बाकी रक्कम शून्य, खाते बंद. 'खाते बंद आहे, म्हणून सिस्टीममध्ये उघडत नाही, आणि उघडत नाही म्हणून पत्र निघत नाही,' असे त्याने मला अगदी शांतपणे समजावून सांगितले. कर्ज थकले असते तर याच लोकांनी घर शोधून काढले असते, हे मी त्याला बोलून दाखवले; त्याचा अर्थातच उपयोग झाला नाही.

शेवटी पत्र आले, तर त्यात चासी नंबरात इंग्रजी 'बी' च्या जागी ८ पडलेला. आरटीओतल्या कर्मचाऱ्याने फॉर्मवरचा पेन्सिलने घेतलेला चासीचा ठसा आणि पत्र शेजारी शेजारी धरले आणि दोन्ही परत केले. त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. दुरुस्तीसाठी पुन्हा पहिल्यापासून तीच कंपनी, तीच खिडकी. म्हणून सांगतो, एनओसी हातात पडली की तिथेच उभ्या उभ्या चासी आणि इंजिन नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी एकेक अक्षर करून ताडून पाहा. आरसीशी ताडून भागत नाही, कारण कधी कधी चूक आरसीतही असते.

या सगळ्या काळात गाडी आमच्या दारात, पूर्ण पैसे मालकांच्या खात्यात, आणि आरसी व विमा दोन्ही त्यांच्याच नावावर, अशी स्थिती होती. पावसाळ्यात सोसायटीतल्या गुलमोहराची फांदी गाडीवर कोसळली. टप दबला, पुढची काच गेली. विमा कंपनीने दावा नाकारला. गाडी विकल्यामुळे जुन्या मालकांचा तिच्यात हितसंबंध उरला नव्हता आणि पॉलिसीवर माझे नाव नव्हते, म्हणून पॉलिसी चालू असूनही दोघांच्या हाती काही लागले नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो असे मानले जाते, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण तसे जात नाही. त्यासाठी नव्या मालकाने चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते, आणि आमच्या कंपनीने त्यासाठी बदललेली आरसी मागितली, जी फायनान्स कंपनीमुळे होत नव्हती. दुरुस्तीचा खर्च सगळा खिशातून गेला. जाता जाता सांगतो, नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) हा माणसाचा असतो, गाडीचा नसतो. 'पॉलिसीत पन्नास टक्के बोनस आहे' हे विक्रेत्याचे आमिष तुमच्या उपयोगाचे नाही.

आता तुमच्या ग्रँड आय-टेनबद्दल. पहिला प्रश्न कर्ज नेमके कोणत्या तारखेला बंद झाले, हा विचारा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार, १ डिसेंबर २०२३ पासून, वैयक्तिक कर्ज (यात घरच्या गाडीचे कर्जही आले) पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांच्या आत मूळ कागदपत्रे परत करणे आणि नोंदवलेला बोजा उतरवणे कर्ज देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे, आणि उशीर तिच्यामुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. कर्ज त्या तारखेनंतर फिटलेले असेल तर मालकांच्या हातात चांगले शस्त्र आहे. आधीचे असेल तर लेखी तक्रार, तीस दिवस वाट, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क ऑनलाइन अर्ज, हा मार्ग उरतो. तोंडी बोलण्यात मी जो काळ घालवला त्यात काहीच निष्पन्न झाले नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी पत्र गेल्यावर मात्र जुने खाते अचानक 'उघडले'. हा सर्व पत्रव्यवहार कर्जदाराच्या नावानेच व्हायला हवा, म्हणजे तो मालकांनी करायचा आहे, तुम्ही नाही.

मालक टाळाटाळ करू लागले तर त्यांना त्यांचाच धोका समजावून सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की आरसीवर ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक; गाडी पुढे कितीही हात फिरली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. विकलेल्या गाडीची चौदा दिवसांत आरटीओला माहिती देणे हेही विक्रेत्याचेच काम आहे. आमच्या मालकांना हे कळल्यावर ते नागपूरहून स्वतःहून आले.

व्यवहार असा ठरवा, असे माझे ठाम मत आहे: साध्या कागदावर का होईना, पण लेखी अटीने छोटे टोकन, ताजी एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ समोर आल्यावर (काही बँका आता हे थेट वाहन पोर्टलवर पाठवतात) बरीचशी रक्कम, आणि आरसीवर तुमचे नाव दिसल्यावर उरलेली. गाडीचा ताबा एनओसीच्या आधी घेऊ नका, मालक 'घेऊन जा, वापरा' म्हणाले तरीही. एजंटबद्दल मी इथे फार लिहीत नाही. 'होऊन जाईल, साहेब' या वाक्याचे मी भरपूर पैसे मोजले आहेत. फॉर्म २९ आणि ३० (गाडी नावावर करण्याचे फॉर्म) वर कोऱ्या जागा ठेवून सह्या मागणारा एजंट कितीही गोड बोलला तरी त्याच्या हाती कागद देऊ नये.

कोल्हापूर पासिंग म्हटल्यावर आणखी एक शंका मनात येते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये तिकडे मोठे पूर आले होते आणि पुरातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून दुसऱ्या जिल्ह्यांत विकल्या जातात. ही गाडी तशीच आहे असे मी म्हणत नाही. तरीही चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पट्ट्यावर मातकट रेघ आहे का ते पाहा, डिकीतील स्टेपनी काढून खालच्या खोबणीत बारीक गाळ किंवा गंज आहे का ते बोटाने तपासा, आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागा. टायरच्या कडेवरचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. त्यांवरून मीटरचे किलोमीटर कितपत खरे, याचाही अंदाज येतो. हे सगळे साफ निघाले तर गाडी म्हणून ग्रँड आय-टेनला मी नावे ठेवणार नाही: १.२ पेट्रोल इंजिनाला टायमिंग चेन आहे, पार्ट्स सहज मिळतात, आणि गर्दीत चालवायला ती हलकी आहे.

वॅगनआरची बाजू वेगळी आहे. तुमच्या सासऱ्यांचा विचार केला तर तिची उंच सीट आणि मोठे दार हे मायलेजपेक्षा महत्त्वाचे आहेत. डायलिसिसनंतर थकलेल्या माणसाला वाकून खाली बसावे लागत नाही, हे मी आईच्या आजारपणात पाहिले आहे. सीएनजीच्या बाबतीत दोन गोष्टी पाहा. आरसीवर इंधन म्हणून पेट्रोलबरोबर सीएनजीची नोंद आहे का, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची चाचणी झाल्याचा दाखला आहे का. नोंद नसेल तर विम्याचा तोच फेरा पुन्हा तुमच्या मागे लागेल. शिवाय तुमचे रोजचे फिरणे शहरातले, थोडक्या अंतराचे आहे; त्यासाठी पंपावर रांगेत उभे राहून वाचणारे पैसे किती, याचा हिशेब एकदा मांडून पाहा.

एक गोष्ट या दोन्ही गाड्यांच्या विरोधात जाते. चालकासाठी एअरबॅग, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि रिव्हर्स सेन्सर हे सर्व प्रकारांत सक्तीने येऊ लागले ते २०१९ मध्ये; त्याआधीच्या स्वस्त प्रकारांत यांतले काहीच नसू शकते. रोज मुले बसणार असतील तर नेमका प्रकार कोणता, ते कागदावर तपासा. थोडे थांबणे आणि थोडे बजेट ताणणे शक्य असेल तर जुलै २०१९ नंतर बनलेली वॅगनआर, सॅन्ट्रो किंवा टियागो शोधावी, असे मी सुचवेन. एप्रिल २०१९ पूर्वीची कोणतीही गाडी घेतलीत तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का तेही पाहा, नाहीतर नावावर करताना अडेल.

दिल्लीच्या डिझेल गाडीकडे वळूही नका. तिकडच्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर, आणि वर शहरातल्या दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी डिझेल इंजिन. यात स्वस्त फक्त डीलरची पहिली किंमत आहे.

येत्या आठवड्यात ग्रँड आय-टेनच्या मालकांकडे फक्त दोन गोष्टी मागा: कर्ज बंद झाल्याचे पत्र आणि नव्या एनओसीसाठी त्यांनी केलेल्या अर्जाची पोच. पोच मिळाली तर मेकॅनिकला घेऊन गाडी पाहायला जा. 'आधी पैसे द्या, मग बघू' असे उत्तर आले तर वॅगनआरच्या मालकांना फोन करून सिलिंडरचा दाखला मागवा.