बार्बेरियनने हाफ प्लेट चढवल्यावर अनआर्मर्ड डिफेन्सचे काय होते?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: सोलापुरात आपला गट डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांनी खेळायच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. आपल्या चौथ्या लेव्हलच्या बार्बेरियनची, म्हणजे रानटी योद्ध्याच्या पात्राची, डेक्स्टेरिटी (चपळाई) 14 आणि कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) 16 आहे; त्यांतून मिळणारी भर, म्हणजे मॉडिफायर, अनुक्रमे 2 आणि 3 आहे. लुटीत हाफ प्लेट हे चिलखत हाती आल्यावर आपण 15 मध्ये डेक्स्टेरिटीचे 2 आणि कॉन्स्टिट्यूशनचे 3 मिळवून एसी (आर्मर क्लास, म्हणजे घाव लागण्यासाठी शत्रूच्या फाशाने भरीसह गाठायचा आकडा) 20 धरला, तर डीएमने (डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने) तो 17 ठरवला. मित्राच्या विझार्डला (जादूगाराला) चेन मेल हे जड चिलखत घालून मंत्र म्हणता येतील का, हेही आपण विचारले आहे. मीही सोलापूरचाच आणि आमच्या टेबलावर बहुतेक वेळा डीएमच्या खुर्चीत बसणारा, त्यामुळे हे जरा सविस्तर लिहितो.

आपल्या डीएमचे म्हणणे बरोबर आहे. पाचव्या आवृत्तीत चिलखत म्हणजे आधीच्या एसीवर चढणारी भर नसते. ते एसी मोजण्याचे एक संपूर्ण सूत्र असते. हाफ प्लेटचे सूत्र 15 अधिक डेक्स्टेरिटी मॉडिफायर असे आहे आणि त्यातला डेक्स्टेरिटीचा वाटा जास्तीत जास्त 2 इतकाच धरता येतो. बार्बेरियनचा अनआर्मर्ड डिफेन्स हे दुसरे, तितकेच संपूर्ण सूत्र आहे: 10 अधिक डेक्स्टेरिटी अधिक कॉन्स्टिट्यूशन, आणि तेही अंगावर कोणतेच चिलखत नसताना. एका वेळी यांपैकी एकच सूत्र लागू होते. आपल्या पात्राचा एसी उघड्या अंगाने 15 आणि हाफ प्लेटमध्ये 17 होतो. 20 हा आकडा दोन सूत्रांचे तुकडे जोडल्यामुळे आला आहे. मेज आर्मर या मंत्रालाही हीच गोष्ट लागू पडते. तो 13 अधिक डेक्स्टेरिटी हे तिसरे सूत्र देतो, त्यामुळे मंकवर (भिक्षू-योद्ध्यावर) तो मंत्र टाकला तरी मंकच्या स्वतःच्या अनआर्मर्ड डिफेन्समधली विस्डमची (शहाणपणाची) भर त्यात पडत नाही; दोन्हींपैकी जे सूत्र मोठे भरेल ते मंकने निवडावे.

सूत्र एकदा निश्चित झाले की त्यावर चढणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि त्या मात्र खरोखर मिळवायच्या असतात: ढालीचे 2, रिंग ऑफ प्रोटेक्शनचा 1, अर्ध्या आडोशाचे 2, शील्ड मंत्राचे 5. बार्बेरियनला उघड्या अंगाने लढतानाही ढाल चालते, मंकला चालत नाही. हा फरक दोघांच्या क्षमतेच्या मजकुरातच दिलेला आहे.

हा गोंधळ होण्यामागे एक जुने कारण आहे. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत आणि तिच्या सुधारित 3.5 मध्ये चिलखत ही खरोखरच भर होती. मूळ 10, त्यावर फुल प्लेटचे 8, त्यावर डेक्स्टेरिटी, त्यावर ढाल, अशी उतरंड रचली जाई आणि भर वेगवेगळ्या प्रकारची असेल तर ती बिनदिक्कत मिळवता येई. त्या आवृत्तीवर वाढलेले खेळाडू आजही अनेक गटांत आहेत आणि त्यांच्याकडून नवे खेळाडू शिकतात, म्हणून ही सवय तोंडातोंडी पुढे चालत आली आहे.

आता ज्या भागावर माझ्या मते सगळ्यांनी अधिक लक्ष द्यायला हवे, त्याकडे वळतो. चिलखताचा क्षमतांवर काय परिणाम होतो हे कोणत्याही एका सर्वसाधारण नियमात सापडत नाही. प्रत्येक क्षमतेच्या मजकुरात चिलखताविषयी अट आहे की नाही आणि असल्यास ती नेमकी कोणती, हे वाचावे लागते. आपल्याच बार्बेरियनकडे पाहा. अनआर्मर्ड डिफेन्सची अट आहे कोणतेही चिलखत नसणे. रेजची, म्हणजे लढताना अंगात आणायच्या त्वेषाची, अट आहे जड चिलखत नसणे, म्हणजे हाफ प्लेट हे मध्यम चिलखत असल्याने रेजमधली वाढीव इजा आणि शस्त्रांच्या घावांपासूनचे अर्धे संरक्षण दोन्ही शाबूत राहतात. पाचव्या लेव्हलला मिळणाऱ्या फास्ट मूव्हमेंटचीही (वाढीव वेगाचीही) तीच अट आहे. डेंजर सेन्स (धोक्याची चाहूल) आणि रेकलेस अटॅक (बेफाम हल्ला) यांना चिलखताची कोणतीच अट नाही. एकाच पात्राच्या क्षमतांत अशा तीन तऱ्हा निघतात. म्हणून ‘बार्बेरियनने चिलखत घालू नये’ हा सल्ला, कितीही वेळा ऐकला असला तरी, नियमांना धरून नाही. प्लेट हे जड चिलखत चढवले तर मात्र रेजचे लाभ जातात, आणि 2024 च्या नव्या पुस्तकात तर जड चिलखतात रेज सुरूच करता येत नाही.

मग 15 आणि 17 यांत प्रत्यक्ष फरक किती? समजा शत्रूच्या हल्ल्याची भर 5 आहे. वीस बाजूंच्या फाशावर 15 एसीला तो 55 टक्के वेळा लागतो, 17 ला 45 टक्के वेळा. म्हणजे बसणारे घाव जवळपास अठरा टक्क्यांनी कमी होतात. परंतु आपण रेकलेस अटॅक वापरला की शत्रूला ॲडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरता येतो, आणि हेच आकडे सुमारे 80 आणि 70 होतात, म्हणजे घाव साडेबारा टक्क्यांनीच कमी होतात. दर फेरीला बेफाम तुटून पडणाऱ्या बार्बेरियनला चिलखताचा लाभ त्या मानाने कमी मिळतो, सांभाळून लढणाऱ्याला अधिक. उलट बाजूने, हाफ प्लेटमुळे स्टेल्थच्या (लपून वावरण्याच्या) तपासणीत डिसॲडव्हान्टेज येतो, म्हणजे दोन फाशांतला लहान आकडा धरावा लागतो. ब्रेस्टप्लेट हे दुसरे मध्यम चिलखत 400 सुवर्णमुद्रांना मिळते, त्यात एसी 16 होतो आणि लपताना कोणताही तोटा नसतो. आपल्या गटात एखादा रोग (चोरपावलांनी वावरणारे पात्र) पुढे जाऊन टेहळणी करत असेल आणि आपण त्याच्या मागे असाल, तर 750 मुद्रा किमतीचे हाफ प्लेट विकून ब्रेस्टप्लेट घेणे मी अधिक शहाणपणाचे मानतो. पुढे कॉन्स्टिट्यूशन 20 वर गेले की उघड्या अंगाचा एसीही 17 होईल आणि हा प्रश्न आपोआप मिटेल.

विझार्डचे उत्तर छोटे आहे. ज्या चिलखताची प्रोफिशियन्सी (वापरण्याचे प्रशिक्षण) नाही ते घातल्यास मंत्र अजिबात म्हणता येत नाहीत, आणि स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी वापरणाऱ्या प्रत्येक हल्ल्यावर, तपासणीवर व सेव्हिंग थ्रोवर (संकटातून वाचण्यासाठी टाकायच्या फाशावर) डिसॲडव्हान्टेज येतो. प्रोफिशियन्सी असेल तर मंत्रांना कोणतीही आडकाठी नाही. 3.5 मध्ये याउलट फुल प्लेटमध्ये विझार्डचा मंत्र फसण्याची 35 टक्के शक्यता असे. ती टक्केवारी पाचव्या आवृत्तीत नाही, म्हणून कोणी ती काढली तर नम्रपणे नाकारावी. चेन मेलसाठी जड चिलखताची प्रोफिशियन्सी लागते आणि विझार्डने नंतर फायटरची (लढवय्याची) लेव्हल घेतली तरी ती मिळत नाही, कारण मल्टिक्लास करताना, म्हणजे एकाच पात्राला दुसरा वर्ग जोडताना, फायटरकडून हलके व मध्यम चिलखत आणि ढाली एवढेच मिळते. पहिलीच लेव्हल फायटरची असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय चेन मेलला स्ट्रेंग्थ 13 लागते. ती नसेल तर चालण्याचा वेग 10 फुटांनी घटतो.

आपण शेवटी लिहिले आहे की पुढची मोहीम ऐन उन्हाळ्यात, पाणी नसलेल्या पठारावरून जाणार आहे. माझ्या दृष्टीने हा आपल्या प्रश्नाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण चिलखताचा जो नियम टेबलावर सर्वाधिक विसरला जातो तो इथेच लागतो. डंजन मास्टर्स गाइड या नियमपुस्तकात 100 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला तीव्र उष्णता मानले आहे. आपल्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा याच्या कितीतरी वर असतो, त्यामुळे हा आकडा कोणाला समजावून सांगावा लागणार नाही. पिण्याचे पाणी नसेल तर दर तासाच्या शेवटी कॉन्स्टिट्यूशनचा सेव्हिंग थ्रो करावा लागतो; त्यात गाठायचा आकडा पहिल्या तासाला 5 असतो आणि नंतर प्रत्येक तासाला एकेक वाढत जातो, आणि थ्रो चुकला की थकव्याची एक पायरी चढते. मध्यम किंवा जड चिलखत घातलेल्यांना या थ्रोवर डिसॲडव्हान्टेज असतो. ब्रेस्टप्लेटही यातून सुटत नाही. बार्बेरियनला कॉन्स्टिट्यूशन सेव्हची प्रोफिशियन्सी असल्याने आपली भर 5 आहे, म्हणजे सुरुवातीचे तास निभावतील. परंतु दिवसभराच्या चालीत तो आकडा दहाच्या पुढे जातो आणि तिथे डिसॲडव्हान्टेज महागात पडतो, कारण 2014 च्या नियमांत थकव्याच्या तिसऱ्या पायरीला हल्ले आणि सेव्हिंग थ्रो दोन्हींवर डिसॲडव्हान्टेज येतो.

अशा वाटेवर अनआर्मर्ड डिफेन्सची खरी किंमत कळते. मध्यम चिलखत उतरवायला एक मिनिट आणि चढवायला पाच मिनिटे लागतात. लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते, म्हणजे हल्ला सुरू झाल्यावर चिलखत चढवण्याचा विचारही करता येत नाही. ढाल मात्र एका ॲक्शनमध्ये हाती येते. चालताना हाफ प्लेट खेचरावर लादून ठेवले आणि अचानक हल्ला झाला, तरी आपला एसी 15 असतो आणि ढाल उचलल्यावर 17, तर त्याच स्थितीत आपल्या गटातला फायटर 10 अधिक डेक्स्टेरिटीवर उघडा पडतो. म्हणून मोहीम निघण्याआधी डीएमला दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: उष्णतेचा नियम ते लागू करणार आहेत का, आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरात गट चालणार आहे. रात्री चालायचे ठरले तर हाफ प्लेट अंगावर राहू द्यावे. दुपारी चालणे भाग असेल तर ते खेचरावर लादावे आणि ढाल पाठीवर टाकून निघावे.