खाण्यातल्या रंगाने, प्रिझर्व्हेटिव्हने खरंच त्रास होतो का?

तुम्ही विचारलंय, पिवळी जिलेबी खाल्ली की पोराच्या अंगावर पित्त उठतं, हे खरं की मनाचे खेळ. भाऊ, दोन्ही असू शकतं. टार्ट्राझिन, म्हणजे पाकिटावरचा १०२ नंबरचा पिवळा, त्याने पित्त उठणारे लोक आहेत पण फार थोडे. पक्का पुरावा सल्फाइटचा, म्हणजे पदार्थ टिकवायला घालतात ते प्रिझर्व्हेटिव्ह, नंबर २२० ते २२८, दम्याच्या काही टक्के पेशंटला त्याने खरोखर धाप लागते, ते केशरी चकचकीत सुकं जर्दाळू असतं ना, त्यात तेच. २००७ ला इंग्लंडात साउथहॅम्प्टनला लहान मुलांना रंग आणि सोडियम बेन्झोएट (हेही प्रिझर्व्हेटिव्हच) घातलेला ज्यूस दिला तर चळवळेपणा वाढला, पण थोडाच आणि सगळ्यांचा नाही, तरी युरोपात २०१० पासून सहा रंगांवर इशारा छापतात. अजिनोमोटो मात्र लपवून दिलं, ना डॉक्टरला माहीत ना पेशंटला, की बहुतेकांचा त्रास गायबच होतो (चायनीजच्या गाडीवाल्याला उगाच शिव्या).

आमच्याकडे जळगावला भरीत पार्टी झाली की मी रात्रभर खाजवायचो, मसाल्यातल्या रंगावर खापर फोडायचो, निघाले भरितातले शेंगदाणे. म्हणून खाल्लेलं वहीत लिहा, मग अॅलर्जीवाल्या डॉक्टरकडे जा, आणि पोराला दमा असेल तर घरी खाऊ घालून बघायच्या भानगडीत पडू नका.