रिंग लायगेजमधलं सिस्टीन बदललं की काम बंद पडतं, मग तेच क्रियाशील केंद्र का?

नाही. रिंग लायगेज म्हणजे दुसऱ्या प्रोटीनला युबिक्विटिन हे छोटं प्रोटीन लावण्यात भाग घेणारं प्रोटीन. तुमच्या रिंगमधलं सिस्टीन हे एक अमिनो आम्ल बदलून तिथे अ‍ॅलानिन घातलं आणि युबिक्विटिन लागणं थांबलं, एवढ्यावरून ते क्रियाशील केंद्र ठरत नाही. रिंगमधल्या सिस्टीन-हिस्टिडिनच्या आठ जागा मिळून झिंकचे दोन अणू धरून ठेवतात. त्यातली एक गेली की घडीच विस्कटते, मग ई२ (युबिक्विटिन वाहून आणणारं एन्झाइम) बसणार कुठे? हिस्टिडिन बदलून बघा, तेव्हाही काम बंदच पडेल.

हा प्रश्न माझ्या जिव्हारी लागणारा आहे. आमच्या प्रयोगशाळेत एक सीनियर होते. त्यांचं एकच पालुपद: "अगं, आधी थायोएस्टर दाखव, मग एन्झाइम म्हण. तोवर तुझं रिंग म्हणजे नुसता दलाल, माल सगळा ई२ चा." थायोएस्टर म्हणजे युबिक्विटिन आणि सिस्टीनमधला गंधकाचा बंध. त्यांची सगळी उमेदवारी हेक्ट या दुसऱ्या गटातल्या लायगेजवर झालेली. हेक्ट स्वतःच्या सिस्टीनवर ई२ कडून युबिक्विटिन घेतं आणि मग सब्स्ट्रेटच्या (ज्या प्रोटीनला ते लावायचं त्याच्या) लायसिनला देतं. ई६एपी या हेक्ट लायगेजच्या बाबतीत हे १९९५ मध्येच दाखवलं गेलं. पण माणसात हेक्ट लायगेज २८, आणि रिंग गटातली सहाशेच्या घरात. अठ्ठावीस जणांचा नियम सहाशेंना लावायचा, हा कुठला न्याय?

वाद घालून उपयोग नव्हता, म्हणून डिस्चार्ज चाचणी (ई२ वरून युबिक्विटिन किती वेगाने उतरतं ते बघणारी) लावली. ई१ (साखळीतलं पहिलं एन्झाइम) आणि एटीपी वापरून यूबीसीएच५ या ई२ वर युबिक्विटिन चढवलं, अपायरेज घालून उरलेलं एटीपी संपवलं, म्हणजे नवीन चढणं बंद. मग त्यात सुटं लायसिन, अर्ध्या नमुन्यात रिंग, अर्ध्यात नाही. दर थोड्या वेळाने काढलेला नमुना डीटीटी नसलेल्या बफरमध्ये, कारण डीटीटी पडलं की थायोएस्टर तुटतो आणि जेलवर बघायला काही उरत नाही. रिंग नसलेल्या लेनमध्ये ई२-युबिक्विटिनचा पट्टा जवळपास होता तसाच. रिंग असलेल्या लेनमध्ये तो बघता बघता पुसट होत गेला, आणि खाली मोकळ्या ई२ चा पट्टा गडद.

इथे सब्स्ट्रेट नव्हताच. दलालाने जवळ आणावं असं गिऱ्हाईकच नसताना अभिक्रिया वेगाने झाली आणि रिंग स्वतः जसंच्या तसं उरलं. याला उत्प्रेरण नाही तर काय म्हणायचं? त्या सीनियर सरांनी जेल उजेडात धरलं, "बघू" म्हणाले, आणि पुढच्या सेमिनारला त्यांच्या स्लाइडवर "अडॉप्टर" हाच शब्द.

२०१२ मध्ये आलेल्या रचनांनी कारणही दाखवलं. ई२ वर चढलेलं युबिक्विटिन एरवी इकडेतिकडे झुलत असतं. रिंग त्याला ई२ च्या अंगावर दाबून धरतं, थायोएस्टर अशा कोनात ताणला जातो की लायसिनचा हल्ला सोपा होतो. तेव्हा तुमच्या प्रबंधात सिस्टीनच्या उत्परिवर्तनावर भिस्त ठेवू नका. ई२ ला चिकटणाऱ्या पृष्ठभागावरचा अवशेष (अमिनो आम्ल) बदला, सी-सीबीएल या रिंग लायगेजमध्ये ट्रिप्टोफान ४०८ आहे तसा. घडी शाबूत राहून काम थांबलं, तर तो पुरावा.

कोणतं ई२ घ्यावं, तर सुरुवात यूबीसीएच५ ने करा. ते बहुतेकांशी जमवून घेतं (जरा जास्तच, म्हणून नळीतल्या निकालावरून पेशीतली जोडी ठरवू नका). यूबीसीएच७ हे दुसरं ई२ घेऊ नका. २००० सालची सी-सीबीएल आणि यूबीसीएच७ यांची स्फटिकरचना बघून अनेकांनी तेच उचललं, पण ते ई२ लायसिनला युबिक्विटिन देतच नाही, फक्त सिस्टीनला देतं. चिकटतं झकास, पण काम शून्य.

एक मात्र आधी तपासा. तुमच्या प्रोटीनमध्ये एका रिंगनंतर आयबीआर हा मधला भाग आणि त्यापुढे दुसरं रिंग असेल, तर ते आरबीआर गटातलं आहे आणि वरचं बरंचसं लागू नाही. तिथे दुसऱ्या रिंगमध्ये खरंच क्रियाशील सिस्टीन असतं, पार्किनमध्ये ४३१ क्रमांकाचं, आणि यूबीसीएच७ तिथे उत्तम चालतं.