बूट होतानाचे आकडे आणि मुलाची वही

लातूरहून एका वडिलांचं पत्र आलंय: ‘मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मित्र वेब डेव्हलपमेंट शिकतायत आणि हा लिनक्स सुरू होताना पडद्यावर येणारे मेमरीचे आकडे वहीत उतरवत बसतो. यातून पोट भरेल का?’

सप्रेम नमस्कार.

तुमची काळजी रास्त आहे. पण रागावण्याआधी ती वही एकदा मागून बघा.

सुरू होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी बायोसला (मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम) विचारतो, कुठून कुठपर्यंतची मेमरी वापरू? मग तो हिशेब छापतो. मुलाला क्यूईएमूमध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम) 128 एमबी मेमरीचं साधं पीसी यंत्र चालवायला सांगा. 128 एमबी म्हणजे 131072 केबी, पण कर्नल एकूण 130552 दाखवतो. 520 केबी कुठे गेले? 640 केबी ते 1 एमबी हा 384 केबीचा पट्टा पडदा आणि बायोससाठी राखीव असतो. ही आयबीएम पीसीच्या काळापासूनची रीत. सगळ्यात वरचे 128 केबी बायोसने स्वतःकडे ठेवलेले असतात. उरले 8: अगदी पहिलं 4 केबीचं पान (मेमरीचा एक छोटा तुकडा) आणि 640 केबीच्या काठावरचं तसंच एक पान. हिशेब पैशापर्यंत जुळतो! हा हिशेब ज्याला स्वतःहून मांडता येतो, त्याला मुलाखतीत मेमरीबद्दल काहीही विचारा, तो गडबडत नाही. मला तरी असा मुलगा दहा सर्टिफिकेटांपेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

कामही हेच असतं. गाडीतल्या किंवा राउटरमधल्या नव्या बोर्डावर कर्नल पहिल्यांदा उठतो, तेव्हा इंजिनिअर सिरियल केबल लावून याच ओळी वाचतो. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय काय आहे हे कर्नलला सांगणाऱ्या यादीत, मेमरीचा आकडा चुकला, की 2 जीबीचा बोर्ड 1 जीबीच दाखवतो. पूर्वी कर्नल आपल्या आतल्या पत्त्यांचा अख्खा नकाशाच छापायचा. हल्लेखोराला आयती माहिती मिळते म्हणून तो छापणं बंद झालं. असं का झालं, हेही त्याने समजून घ्यावं.

आता कटू भाग. अशा जागा वेबपेक्षा कमी असतात आणि कॅम्पसला क्वचितच येतात. म्हणून अ‍ॅप्टिट्यूड, डेटा स्ट्रक्चर्स सोडायचं नाही. सी भाषा तर पक्कीच हवी. चिप, वाहन आणि स्टोरेज क्षेत्रातल्या कंपन्या पुण्यात आहेत. डिग्रीनंतर सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम्सचा (यंत्रांच्या आत बसवलेल्या कॉम्प्युटरचा) पदव्युत्तर अभ्यासक्रम करता येतो. तोवर एक जुना रास्पबेरी पाय बोर्ड (हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर) आणि सिरियल केबल घेऊन द्या. खर्च महागड्या क्लासपेक्षा कमीच येईल.

आणि वहीतल्या त्या पानाचा फोटो मला पाठवा. हिशेब कुठे अडलाय ते बघून पुढचं लिहिते.