तेराव्यानंतरचे काम

अंबाजोगाई

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र गेल्या सोमवारी मिळाले. संस्थेने कळंब तालुक्यातील एकल महिलांची २२ कुटुंबे तुझ्याकडे सोपवली आहेत, आणि पहिल्या भेटीला जाताना बरोबर काय न्यावे, किराणा, साड्या की मुलांसाठी वह्या, असे तू विचारले आहेस. काहीही नेऊ नकोस. एक वही आणि संध्याकाळपर्यंतचा मोकळा वेळ एवढे पुरे. रिकाम्या हाताने उंबरा ओलांडण्याचा संकोच तुला वाटेल, मलाही वाटत असे. पण पहिल्याच दिवशी वस्तू दिली की नाते देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे ठरून जाते, आणि मग जे सांगितल्याने पुढची वस्तू मिळेल तेवढेच ती बाई तुला सांगते.

आपल्या भागात शेतकऱ्याने आत्महत्या केली की तेराव्यापर्यंत त्या घरात माणसे मावत नाहीत. पुढारी येतात, पाकिटे दिली जातात, त्यांचे फोटो निघतात. ती मदत मी खोटी मानत नाही. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी बीडमध्ये अशा कुटुंबांना धनादेश दिले, तेव्हा कित्येक घरांत त्या पैशांवर दिवाळीपर्यंत चूल पेटली होती. परंतु तेराव्यानंतर येणारी माणसे वेगळी असतात. खत-बियाण्याच्या दुकानाची उधारी निघते, गावच्या शेतीकर्जाच्या सोसायटीची थकबाकी कळते, आणि जिच्याशी नवरा कधी व्यवहाराचे बोलला नाही तिला हे सारे आकडे एका आठवड्यात पाठ करावे लागतात. तुझे काम तिथून सुरू होते.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत, तिची तयारी दिसली तर, घरातली पत्र्याची पेटी उघडायला सांग आणि कागद बाहेर काढून दोघींनी मिळून पाहा. मृत्यूचा दाखला आहे का, रेशनकार्डावर कोणाची नावे आहेत, बँकेचे पासबुक कोणाच्या नावाचे आहे, सातबारा कोणाचा आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या कामातून एकच गोष्ट तुला खात्रीने सांगते : संस्थेने काय दिले यापेक्षा तिच्या नावावर काय लागले हे विचारत जा. दिलेले धान्य महिनाभरात संपते. सातबाऱ्यावर लागलेले नाव कोणाला सहजासहजी खोडता येत नाही.

हे नाव लागणे कसे अडते ते नीट समजून घे. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर काम तुलनेने सरळ असते. हिंदू वारसा कायद्यानुसार (तुझ्या यादीतील मुस्लिम कुटुंबांसाठी नियम वेगळे आहेत, ते वकिलांकडून समजून घे) पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे पहिल्या वर्गातील वारस आहेत. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायचा, नोटिशीची १५ दिवसांची मुदत संपेपर्यंत कोणाची हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरील नावबदलाची नोंद, प्रमाणित करतो. सासूचा हक्क हा सुनेवरचा अन्याय नाही, तोही कायद्याचाच भाग आहे, हे दोघींना एकत्र बसवून सांगितले की निम्मी भांडणे मिटतात. खरी अडचण येते ती जमीन अजून सासऱ्याच्या नावावर असते तेव्हा. अशा वेळी कार्यकर्ते थेट कोर्टाची भाषा करतात. मी तसे करून एकदा एका बाईचे घरात राहणेच अवघड करून ठेवले होते. आधी सासऱ्याशी बोल, दिराशी बोल. दीर प्रत्येक गोष्टीत खलनायकच असतो असे नाही. पुष्कळदा त्याच कर्जात तोही बुडालेला असतो.

सरकारी मदतीबाबत तिला पहिल्याच दिवशी आशा लावू नकोस. आत्महत्याग्रस्त कुटुंबासाठी २००६ पासून एक लाख रुपयांची मदत आहे. तिच्यातील ३० हजार हाती मिळतात आणि ७० हजार ठेवीच्या रूपाने बँकेत किंवा टपाल खात्यात राहतात. पण ती मिळण्यासाठी कुटुंबाच्या नावे शेती हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, आणि ते फेडता न आल्यामुळेच हे घडले असे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीला पटले पाहिजे. बटाईने शेती करणारा, गावातल्या विनापरवाना सावकाराचे पैसे घेतलेला माणूस या चौकटीत बसत नाही, आणि त्याच्या घरी एका ओळीचे ‘अपात्र’ असे पत्र येते. तुझ्या २२ घरांपैकी काही घरे अशी असणारच. संस्थेने सर्वांत आधी जायचे ते तिथे. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला दरमहा १५०० रुपये मिळतात, मात्र कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला पावणेदोन हजार! एवढ्यात घर कसे चालते, हे दाखला देणाऱ्याने एकदा तरी स्वतःला विचारावे असे मला दर वेळी वाटते. वडील गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्जही त्याच फेरीत भरून घे.

आता उपजीविकेविषयी. एकेकाळी आम्ही गावोगाव शिलाई यंत्रे वाटली. दोन वर्षांनी पाहिले तर एका घरात त्या यंत्रावर टीव्ही ठेवलेला होता, कारण पाचशे उंबऱ्यांच्या त्या गावात आधीचेच दोन शिंपी जेमतेम पोट भरत होते. शेळ्यांचा अनुभव मात्र मला अधिक शिकवून गेला. एका बाईला आम्ही दोन शेळ्या दिल्या होत्या. वर्षभराने भेटीला गेले तर एकही नव्हती, आणि मी अहवालात ‘प्रयोग अयशस्वी’ असे लिहून मोकळी झाले. पुढे कळले की पिले मोठी करून तिने ती विकली, त्यातून मुलीची बारावीची फी भरली, आणि उरलेली एक शेळी नणंदेच्या घरी अर्धलीने, म्हणजे निम्म्या वाट्याच्या बोलीवर, ठेवली होती. शेळी तिची बँक होती आणि तिने गरज पडताच ठेव मोडली होती. अयशस्वी माझी तपासणी होती. तेव्हापासून मी कोणत्याही घरी ‘तुम्हाला काय देऊ’ असे विचारत नाही. ‘गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात पैसे नव्हते, आणि तेव्हा काय केले’ असे विचारते. तिच्या उत्तरातच तिचा मार्ग असतो.

कळंबच्या पलीकडे केज, धारूर, वडवणीकडे काम पडले तर ऊसतोडीचे गणित तुला वेगळे शिकावे लागेल. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मजुरांची टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. नवरा गेला की बाई ‘अर्धा कोयता’ होते, आणि अर्ध्या कोयत्याला उचल कोण देणार? मग चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा शाळा सोडून दुसरा अर्धा होतो. वरून मुकादम मृताची उचल तिच्याकडे मागतो. तिला स्पष्ट सांग की मेलेल्या माणसाचे देणे वारसांवर येते ते वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतेच. तिने किंवा तिच्या मुलाने राबून ते फेडावे असा कायदा नाही, उलट तसे राबवून घेण्यावर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने बंदी आहे. दिवाळीनंतर टोळ्या हलण्यापूर्वी मुलाची हंगामी वसतिगृहात सोय झाली तर तो वाचतो. डिसेंबरात धावपळ करून उपयोग नसतो, तोवर ट्रक गेलेला असतो.

किल्लारीच्या भूकंपाची गोष्ट तुझ्या वयाच्या मुलांना पाठ्यपुस्तकापुरती माहीत असते. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे दगड-मातीची माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्यानंतर देशभरातून मदत आली, आणि नवी गावे आखीव रस्त्यांची, चौकोनी घरांची उभी राहिली. घरे पक्की होती. पण गोठ्याची जागा कुठे आणि शेत किती लांब, हे पुष्कळ ठिकाणी कोणी बायकांना विचारले नाही. याउलट घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कामात, स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने, महिला मंडळांतील बायका ‘संवाद सहाय्यक’ म्हणून नेमल्या गेल्या. त्या घरमालकांना अनुदानाचे टप्पे समजावून सांगत आणि बांधकाम नीट होते की नाही ते पाहत. ज्यांच्या डोक्यावरचे छप्पर पडले त्यांनाच कामाची सूत्रे मिळाली की माणूस किती लवकर सावरतो, हे मी तिथे डोळ्यांनी पाहिले आहे.

आणखी एक, थोडक्यात. तिला ‘लाभार्थी’ म्हणू नकोस, तिचे नाव घे. देणगीदारांना पाठवायला तिचा रडतानाचा फोटो कोणी मागितला तर माझे नाव सांगून नकार दे. रात्री झोप येत नाही, जीव नकोसा झाला असे कोणी बोलून दाखवले तर ते दुःखाचे बोलणे म्हणून सोडून देऊ नकोस. तिला एकटे ठेवू नकोस, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावून दे आणि त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात स्वतः बरोबर जा.

मदत कधी थांबवायची, हेही तू विचारले आहेस. या प्रश्नाचे उत्तर प्रकल्पाची मुदत देत नाही. औसा तालुक्यात हासेगावला रवी बापटले यांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी सेवालय उभारले. ती मुले १८ वर्षांची झाल्यावर जाणार कुठे हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांच्यासाठी ‘हॅपी इंडियन व्हिलेज’ आकाराला आले. आपल्या २२ घरांपुरती माझी खूण साधी आहे : ती एकटी तहसीलला जाऊन, चिठ्ठी न नेता, काम करून परत आली आणि तुला दोन दिवसांनी सहज सांगितले, की तुझ्या भेटी महिन्यावरून तिमाहीवर आण. एकदम बंद करू नकोस. बचत गटाच्या बैठकीला मात्र जात राहा, कारण पुढचा आधार गटातूनच यायचा आहे.

तुझ्या यादीतील नवव्या क्रमांकाच्या घराचे प्रकरण अपात्र ठरले आहे आणि फेरफारावर चुलत सासऱ्याची हरकत आली आहे असे दिसते. त्या हरकतीची प्रत मिळवून मला पाठव. सुनावणीची तारीख लागली की कळव. मी सकाळच्या एसटीने कळंबला येईन, तिला घेऊन तू थेट मंडळ अधिकाऱ्यांच्या कार्यालयात ये.

तुझी,
ताई