लेन्सच्या खोक्यावर ८.५, १४.२, ५८% असं लिहिलंय. म्हणजे काय? आणि जास्त पाण्याची लेन्स चांगली का?

तुमच्या चष्म्याचा नंबर उणे साडेपाच आहे, आणि अ‍ॅक्यूव्ह्यूच्या दोन खोक्यांपैकी ३८ टक्के पाण्याचं सोडून ५८ टक्केवालं घ्यायचं तुमच्या मनात आहे. मी बारा वर्षं लेन्स लावतोय. सुरुवातीला माझंही हेच गणित होतं: पाणी जास्त, म्हणजे डोळा ओला. ते चुकलं.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. लेन्स लावली की मध्ये आडोसा आला. चेकोस्लोव्हाकियातल्या ओटो विख्टरले यांनी १९६१ मध्ये मुलांच्या मेर्कुर नावाच्या खेळण्याचे सुटे भाग जोडून घरीच यंत्र केलं आणि त्यावर मऊ लेन्स काढल्या. त्या जातीच्या प्लास्टिकमधून प्राणवायू जातो तो त्यातल्या पाण्यातून. म्हणून तेव्हा जास्त पाणी म्हणजे जास्त हवा, हे खरंच होतं. पण १९९९ च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स बाजारात आल्या. यांत वाट सिलिकॉनमधून आहे, पाणी कमी असलं तरी चालतं.

आता तुमची दोन खोकी. रोज फेकायची वन-डे मॉइस्ट जुन्या जातीची: पाणी ५८ टक्के, प्राणवायूचा आकडा (याला डीके बाय टी म्हणतात) सुमारे २५. पंधरा दिवसांची ओएसिस सिलिकॉनची: पाणी ३८ टक्के, आकडा १४७. शिवाय हे आकडे उणे ३ नंबरच्या लेन्सच्या मधोमध मोजलेले असतात. उणे नंबरची लेन्स कडेला जाड होत जाते, म्हणजे तुमच्या साडेपाचला कडेकडेला त्याहून कमीच हवा मिळणार. दिवसभर एसीत बसत असाल तर जास्त पाण्याची लेन्स वाळल्याचंही लवकर जाणवतं. मला तरी दुपारी चारनंतर टोचायची.

८.५ म्हणजे बीसी, लेन्सच्या आतल्या वळणाची त्रिज्या, मिलिमीटरमध्ये. आकडा वाढला की लेन्स चपटी. १४.२ हा व्यास. ओएसिसचा बीसी ८.४ किंवा ८.८, व्यास १४.०. आकडा जवळचा आहे म्हणून एका कंपनीची लेन्स काढून दुसरीची बसेलच असं नाही, कारण कापड बदललं की शिवणीचा बेत बदलतो, तसंच लेन्सच्या प्लास्टिकचंही. त्यामुळे ऑनलाइन मागवायला हरकत नाही, पण आधी नेत्रतज्ज्ञाकडे ट्रायल लेन्स लावून बघा आणि कागदावर लेन्सचं नाव, बीसी, नंबर लिहून घ्या. नंबरसुद्धा चष्म्याचाच टाकू नका: लेन्स डोळ्याला चिकटून असते, म्हणून चष्म्याचा साडेपाच लेन्समध्ये साधारण सव्वापाच होतो.

एवढं सगळं सांगून मी तुम्हाला ओएसिस घ्या म्हणेन असं वाटलं असेल. नाही. पहिल्यांदाच लावताय आणि आठवड्यात तीनचार दिवसच, तर रोजचीच घ्या, मॉइस्ट असली तरी. खोक्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे किती दिवसांनी फेकायची तो. मी एकदा महिन्याची जोडी अडीच महिने ओढली, पैसे वाचवायला. डोळे लाल, लेन्स सरकायला लागली. डॉक्टरांनी पापणी उलटून दाखवली तर आत बारीक पुळ्यांचं शेत. तीन महिने चष्मा. पंधरा दिवसांची घेतलीत तर पाकीट फोडल्याची तारीख झाकणावर लिहा, सोल्यूशन रोज नवं ओता, कालच्यात भर घालू नका. आणि नळाचं पाणी लेन्सला कधीच नाही, त्यात असू शकणारा अकॅन्थअमीबा (डोळ्याला गंभीर संसर्ग करणारा सूक्ष्मजीव) म्हणजे चेष्टा नव्हे. झोपताना काढाच.

एक राहिलं. या दोन्ही लेन्सवर बारीक १२३ छापलेलं असतं. लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून उजेडात बघा. आकडे उलटे दिसले तर ती पालथी झालीय.