‘काही नाही आई’ म्हणजे नक्की काय?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ७१. सांगली जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत ३२ वर्षं शिकवलं, आता पुण्यात मुलाकडे असते. सगळे चांगले आहेत, खाण्यापिण्याला औषधपाण्याला काही कमी नाही, म्हणून हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. पण परवा बीपीसाठी दवाखान्यात गेलो तर डॉक्टर मुलाला विचारतात, "आजींना झोप लागते का?" मी समोर बसलेय! घरी जेवताना सगळे हसतात, मी विचारते काय झालं, तर सून म्हणते "काही नाही आई", नातू म्हणतो "आजी तुला नाही कळायचं". मला हल्ली कमी ऐकू येतं हे खरंय, पण डोकं शाबूत आहे, एकोणतीसचा पाढा अजून न अडखळता म्हणते. मी उगाच मनाला लावून घेतेय का?

उत्तर : बाई, अजिबात उगाच नाही. तुम्हाला जे लागलंय ते लागण्यासारखंच आहे. पोटभर जेवायला मिळतं म्हणून माणसाने बोलायचं नाही असं थोडंच असतं.

आधी कानांचं बोलू, कारण मला वाटतं अर्धी गोष्ट तिथे अडकलीय. वयाबरोबर ऐकू कमी येतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत, आधी बारीक, वरच्या पट्टीतले जातात. स, श, फ, थ असली अक्षरं त्यातच येतात. म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही, समोरचा पुटपुटतोय असं वाटतं, आणि लहान मुलांचं बोलणं तर आणखीनच निसटतं. मग घरचे ओरडून बोलतात. ओरडल्याने अक्षर स्पष्ट होत नाही, फक्त सूर रागाचा होतो, आणि रागाने कोणी बोललं की आपण पुन्हा विचारायचं सोडून देतो.

हे मी घरात बघितलंय. माझ्या सासूबाईंना काही सांगितलं की त्या भलतंच उत्तर द्यायच्या आणि आम्ही सगळे धरून चाललो की आता यांना विसरायला होतं. दोन वर्षं आम्ही असंच वागलो, त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोललो, आज आठवलं तरी वाईट वाटतं. शेवटी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी झाली, मशीन बसवलं. पहिल्या दिवशी घरी येऊन त्या पलंगावर बसल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "पंखा एवढा वाजतो होय?" मग हातातल्या बांगड्या हलवून हलवून ऐकत बसल्या. सवय व्हायला दीड-दोन महिने लागले, मधे एकदा मशीन काढून कपाटात टाकलं होतं, ते पण सांगते, म्हणजे तुम्ही आठवड्यात कंटाळू नका. तपासणी पुढे ढकलू नका, कारण कमी ऐकू येण्यावर उपचार न करणं हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे असं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२० च्या अहवालात सांगितलंय.

दवाखान्यात पुढच्या वेळी एवढंच करा, आत तुम्ही आधी जा आणि डॉक्टरांच्या जवळच्या खुर्चीत तुम्ही बसा. काय होतंय ते कागदावर लिहून न्या, बाईंच्या अक्षरात. आणि मुलाला घरूनच सांगून ठेवा की मला विचारलेलं तू सांगायचं नाही, "आईलाच विचारा, फक्त समोर बघून सावकाश बोला" एवढं म्हणायचं. तो म्हणेल हो, बहुतेक मुलांना हे कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि ते "काही नाही आई". ते ताटावर बसल्या बसल्या काढू नका, सून एकटी चहा घेत बसली असेल तेव्हा सांगा की अगं, जोक पूर्ण नको, कोणाबद्दल चाललं होतं तेवढं सांग, पण काही नाही म्हणू नकोस, मला मी तिथे नसल्यासारखं वाटतं. जेवताना टीव्ही बंद, बोलायच्या आधी हाक, आणि वाक्य कळलं नाही तर तेच तेच मोठ्याने न म्हणता दुसऱ्या शब्दात सांगायचं, हे नातवाला शिकवा. तुम्ही ३२ वर्षं मुलांना शिकवलंय, हा तर घरचाच आहे.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा, मिल बंद पडल्यावर छोटा धंदा करून डोंबिवलीत फ्लॅट घेतला. मुलगा म्हणतोय आत्ताच बक्षीसपत्र करून टाका, नंतर कोर्टकचेरी नको, शेवटी माझंच आहे ना. आम्ही द्यायचं ठरवलंय. काही काळजी घ्यावी का?

उत्तर : दादा, घाई करू नका. बक्षीसपत्र रजिस्टर झालं की घर त्याच क्षणी मुलाचं, तुम्ही त्याच्या घरात राहणारे. मृत्युपत्र केलं तर हयातीत घर तुमचंच आणि मन बदललं तर ते कितीही वेळा बदलता येतं, दोन साक्षीदार लागतात. मी असते तर तेच केलं असतं.

तरी द्यायचंच असेल तर आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळायची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातलं कलम २३ असं आहे की ही अट मोडली तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकतं. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये एका प्रकरणात अट नव्हती म्हणून आईची मागणी मान्य केली नाही, आणि जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका आईला मुलाला दिलेली मालमत्ता परत मिळाली, तिथे सांभाळायचं लेखी वचन होतं. तोंडी शब्दावर राहू नका, मुलगा कितीही चांगला असला तरी. आपल्याकडे अर्ज प्रांत ऑफिसला करतात, वकील न लावता स्वतः करता येतो. त्याआधी नुसतं विचारायचं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

अजून एक, तुमच्या पत्रात "आम्ही ठरवलंय" असं आहे पण वहिनींना काय वाटतं त्याबद्दल एक ओळ नाही. फ्लॅटवर त्यांचं नाव आहे का, उद्या त्या एकट्या राहिल्या तर कुठे राहणार, हे आज रात्री त्यांना विचारा आणि मग मला परत लिहा.